देशी तंत्रज्ञान बनवताय? करसवलतीची फाइल पहिल्याच दिवशी उघडा

अंधेरीच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेऊन मोटर कंट्रोलर बनवणारे, महापेला सेन्सरची जुळणी करणारे, पवईत आयआयटीच्या ‘साइन’ इनक्युबेटरमध्ये प्रोटोटाइपवर झटणारे, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही आजवर बाहेरून येणारी एखादी वस्तू इथे बनवणार असाल, तर सरकार करात काय सोडतं, ते कोणाला मिळतं आणि मिळवायला कधी काय करावं लागतं, ते क्रमाने पाहू.

भारत संशोधन आणि विकासावर जीडीपीच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यात मोठा वाटा सरकारचाच असतो. खासगी उद्योगाने यात पैसा घालावा म्हणून कायद्यात सवलती आहेत. पण त्यांतल्या बहुतेक सवलती नफ्यावर मिळतात. तंत्रज्ञानाच्या कंपनीला पहिली तीन-चार वर्षं नफाच नसतो, त्यामुळे मालकाला वाटतं की हा विषय आपला नाही. मग पाचव्या वर्षी पैसे सुटायला लागले की सीएकडे धाव घेतली जाते. सीए विचारतो, पहिल्या वर्षाची कागदपत्रं कुठे आहेत? तोवर उशीर झालेला असतो.

एक सूचना आधीच देतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. बाजारात मात्र अजून सगळे जुन्या क्रमांकांनीच बोलतात, म्हणून इथेही तेच वापरले आहेत. अर्ज भरताना नवा क्रमांक सीएकडून तपासून घ्या.

पायरी १: अनुदान आणि करसवलत वेगळं ओळखा

पीएलआय (उत्पादनावर आधारित प्रोत्साहन), सेमीकंडक्टर मिशन, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची योजना ही नावं वर्तमानपत्रात सतत येतात. ही करसवलत नव्हे. ठरावीक गुंतवणूक किंवा विक्री गाठली की सरकार रोख प्रोत्साहन देतं, आणि त्यासाठीचे उंबरठे बहुधा मोठ्या कंपन्यांना झेपतील असेच असतात. सेमीकंडक्टर मिशनसाठी २०२१च्या डिसेंबरमध्ये ७६,००० कोटी रुपये मंजूर झाले, पण चिपचं काम नसेल तर त्यातला रुपयाही तुमच्या गाळ्यापर्यंत थेट येणार नाही. तुमच्या कामाच्या गोष्टी तीन: आयकरातली वजावट, सीमाशुल्कातली सूट आणि जीएसटीचा परतावा. लेखाचा भर पहिलीवर आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

पायरी २: धंद्याचं रूप

प्रोप्रायटरशिपमध्ये स्टार्टअपची मान्यता मिळत नाही. नोंदणीकृत भागीदारीला मान्यता मिळते, पण स्टार्टअपच्या नफ्यावरची तीन वर्षांची करमाफी (तिच्याबद्दल पुढे येईल) मिळत नाही. ती फक्त प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांच्यासाठी आहे. बाहेरून गुंतवणूक घ्यायची असेल तर कंपनी बरी.

मुंबईत दोन खड्डे हमखास लागतात. पहिला म्हणजे वडिलांच्या किंवा काकांच्या चालू फर्मचा धंदा नव्या कंपनीत ओतणं. आधीचा धंदा तोडून किंवा त्याची फेररचना करून उभी केलेली कंपनी या सवलतीला पात्र नसते. घराण्याचा धंदा असेल तर नव्या कंपनीचं उत्पादन, ग्राहक आणि करार खरोखर वेगळे हवेत. नुसतं लेटरहेड बदलून चालत नाही.

दुसरा खड्डा जुन्या यंत्रांचा. कुर्ल्याहून सेकंडहँड सीएनसी आणली, भावाच्या कारखान्यातलं लेथ उचलून आणलं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. नियम असा की कंपनीतल्या एकूण यंत्रसामग्रीच्या किमतीत आधी वापरलेल्या यंत्रांचा वाटा २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. समजा यंत्रांची एकूण किंमत ४० लाख आहे, तर त्यात जुनी यंत्रं ८ लाखांपर्यंतच. यात एक गंमत आहे. परदेशात वापरलेलं, पण भारतात आधी कधीही न वापरलेलं यंत्र आयात केलं, तर काही अटींवर ते नवं धरलं जातं. आत्मनिर्भरतेच्या सवलतीत तैवानचं जुनं यंत्र चालतं आणि कुर्ल्याचं चालत नाही! नियम असा आहे खरा. म्हणून प्रत्येक यंत्राचं बिल पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलला लावा.

पायरी ३: दोन वेगळ्या मंजुऱ्या

स्टार्टअप इंडिया मोहीम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. तिच्या पोर्टलवर डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता मिळते. अर्ज ऑनलाइन आहे, फी नाही. ‘आमची आत ओळख आहे’ म्हणत पंधरा-वीस हजार मागणारे दलाल भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जा.

मान्यतेचं प्रमाणपत्र आलं की पुष्कळांना वाटतं, करमाफी मिळाली. तसं नाही. कलम ८०-आयएसीची करमाफी हवी असेल तर त्याच पोर्टलवरून वेगळा अर्ज आंतरमंत्रालयीन मंडळाकडे जातो. मान्यता मिळालेले स्टार्टअप देशात लाखाच्या वर आहेत, हे दुसरं प्रमाणपत्र मिळालेले मात्र काही हजारच.

मंडळ काय बघतं? उत्पादनात नवं काय आहे आणि ते मोठ्या प्रमाणावर वाढू शकतं का. इथे ‘भारतातील पहिले, क्रांतिकारी’ वगैरे लिहून भागत नाही. आयात होणाऱ्या कंट्रोलरपेक्षा तुमचा कंट्रोलर ४५ अंशांच्या उकाड्यात जास्त टिकतो, असं असेल तर चाचणीचा अहवाल जोडा. पेटंटचा अर्ज केला असेल तर त्याची पावती, ग्राहकाची खरेदी ऑर्डर, प्रयोगशाळेचं पत्र, सर्किटच्या आवृत्त्यांची नोंद, हे सगळं कामाला येतं. चीनहून तयार बोर्ड आणून वर आपलं स्टिकर लावणाऱ्याला इथे अडचण येते, आणि यायलाच हवी.

१ एप्रिल २०१६ पासून पुढे आणि १ एप्रिल २०३०च्या आधी स्थापन झालेल्या कंपन्या यात येतात. आधी ही मुदत २०२५मध्येच संपत होती, २०२५च्या बजेटने ती पाच वर्षांनी वाढवली.

पायरी ४: संशोधनाचं खातं वेगळं ठेवा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोलाची आहे. माझ्या मते नवख्या कंपनीने करमाफीच्या आधी याकडे बघावं, कारण याला कोणत्याही मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही.

कलम ३५ सांगतं की तुमच्या धंद्याशी संबंधित संशोधनावर झालेला खर्च पूर्ण वजा होतो. पगार, कच्चा माल, चाचण्या हे तर झालंच, पण संशोधनासाठी घेतलेली यंत्रं आणि उपकरणंही त्याच वर्षी शंभर टक्के वजा होतात. यातून फक्त जमीन वगळली आहे.

याचा अर्थ काय होतो? समजा १२ लाखांचं चाचणी उपकरण घेतलं. साधं यंत्र म्हणून दाखवलं तर दर वर्षी १५ टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी मिळणारी वजावट), म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख ८० हजार. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याचंही निम्मं. तेच संशोधनासाठी घेतलेलं असेल तर त्याच वर्षी पूर्ण १२ लाख. नफा नाही म्हणून ही वजावट वापरता आली नाही, तरी ती वाया जात नाही. धंद्यातला साधा तोटा आठ वर्षंच पुढे नेता येतो, पण संशोधनावरच्या भांडवली खर्चाची न वापरलेली वजावट घसाऱ्याप्रमाणे मुदतीशिवाय पुढे जाते. उशिरा नफ्यात येणाऱ्या कंपनीला हा फरक फार मोठा आहे.

अट एकच, ते उपकरण खरोखर संशोधनासाठी आहे हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी टॅलीत ‘संशोधन’ नावाचा वेगळा गट उघडा. प्रत्येक प्रकल्पाला एक नंबर द्या आणि बिलावर तो लिहा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या दोनशे रुपयांच्या कपॅसिटरचं बिलसुद्धा त्याच नंबराखाली. इंजिनिअर निम्मा वेळ उत्पादनावर आणि निम्मा संशोधनावर घालवत असेल, तर आठवड्याचा साधा तक्ता भरून त्याची सही घ्या. कोणती चाचणी फसली आणि का, हेही वहीत लिहा. आयकर अधिकाऱ्याला फसलेल्या चाचण्यांची वही जास्त पटते, कारण वर्षअखेरीला बसून रचलेल्या वहीत सगळ्याच चाचण्या यशस्वी असतात.

ज्या उपकरणाची पूर्ण किंमत अशी वजा केली, त्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही. पुढे ते विकलं, तर वजावटीपुरती रक्कम उत्पन्नात धरली जाते.

धंदा सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांत संशोधनावर झालेला खर्चही सुरुवातीच्या वर्षात वजा होऊ शकतो. मात्र पगार आणि मालाच्या खर्चाला ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कॉलेज संपल्यावर घरच्या टेबलावर दोन वर्षं काम केलेल्या पोरांना हे कोणी सांगतच नाही.

जुन्या लेखांमध्ये ‘संशोधनाच्या खर्चावर दुप्पट वजावट’ असं वाचायला मिळेल. कलम ३५(२एबी)खाली ती खरंच होती: मार्च २०१७पर्यंत २०० टक्के, मग १५० टक्के. १ एप्रिल २०२०पासून ती १०० टक्क्यांवर आली. तांत्रिक स्वावलंबनाच्या घोषणा वाढत गेल्या त्याच काळात ही सवलत आटली, हे मला तरी पटत नाही. डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता अजूनही उपयोगाची आहे, पण तिच्यासाठी उत्पादनापासून वेगळा ओळखता येईल असा संशोधन विभाग लागतो. चार माणसांच्या कंपनीने पहिल्याच वर्षी त्यामागे धावू नये.

पायरी ५: २२ टक्के की करमाफी?

कलम ११५बीएए घेणाऱ्या कंपनीला २२ टक्के कर, अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के. बऱ्याच सवलती सोडून द्यायच्या, बदल्यात किमान कर म्हणजे मॅट लागत नाही. हिशेब सुटसुटीत असल्याने अनेक सीए पहिल्याच विवरणपत्रात हा पर्याय निवडून टाकतात. नव्या तंत्रज्ञान कंपनीने इथे थांबून विचार करायला हवा, कारण हा पर्याय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही आणि तो घेतला की ८०-आयएसीची करमाफी मिळत नाही. तोट्याच्या वर्षी हा पर्याय घेऊन हाती काही लागत नाही, उलट पुढची दारं बंद होतात. कलम ३५ची साधी १०० टक्के वजावट मात्र यातही शाबूत राहते.

आता आकडे. समजा अंधेरीतल्या एका कंपनीला पहिली तीन वर्षं तोटा झाला, चौथ्या वर्षी ८ लाख नफा, पाचव्या वर्षी ३० लाख, सहाव्या वर्षी ७० लाख, सातव्या आणि आठव्या वर्षी त्याहून जास्त. करमाफी पहिल्या दहा वर्षांतल्या कोणत्याही सलग तीन वर्षांसाठी घेता येते, ती वर्षं तुम्ही निवडायची. घाईने चौथ्या वर्षापासून घेतली तर चौथं वर्ष वाया, कारण तो नफा मागच्या तोट्यातच बुडाला असता. सहावं, सातवं आणि आठवं वर्ष निवडणं शहाणपणाचं.

सहाव्या वर्षीच्या ७० लाखांवर ११५बीएएने सुमारे १७ लाख ६२ हजार कर बसेल. जुन्या पद्धतीत, म्हणजे ११५बीएए न घेता, ४०० कोटींपर्यंत उलाढालीच्या कंपनीला २५ टक्के आणि उपकर, म्हणजे १८ लाख २० हजार. करमाफी घेतली तर नेहमीचा कर शून्य, पण पुस्तकी (हिशेबात दाखवलेल्या) नफ्यावर मॅट लागतो. करमाफी म्हणजे पूर्ण शून्य नव्हे, हे इथेच कळतं. १५ टक्के दर धरून मॅट काढला तर उपकरासह १० लाख ९२ हजार. तुम्ही हिशेब कराल तेव्हा चालू दर घाला, तो बजेटमध्ये हलतो. तरी ११५बीएएच्या तुलनेत एका वर्षात सहा-सात लाख वाचले, म्हणजे एका इंजिनिअरचा वर्षाचा पगार. एलएलपीला मॅटऐवजी त्याच धर्तीचा एएमटी असतो.

१५ टक्क्यांचा कर, कलम ११५बीएबी, अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो ३१ मार्च २०२४पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नव्या कारखान्यांसाठी होता. ते दार बंद झालं आहे.

पायरी ६: गुंतवणूकदार येण्याआधी

तोटा पुढे नेताना भागधारक बदलले तर अडचण येते. साध्या खासगी कंपनीत तोट्याच्या वर्षाअखेरीस ज्यांच्याकडे ५१ टक्के मतांचे शेअर होते, तेच लोक वजावटीच्या वर्षीही तितके धरून असायला हवेत. पात्र स्टार्टअपला इथे सूट आहे. तोट्याच्या वर्षीचे सगळे भागधारक आपले ते शेअर धरून असतील, तर टक्केवारी घसरली तरी तोटा टिकतो. म्हणून एखादा मित्र सोडून जाताना त्याचे सगळे शेअर परत घेण्याआधी सीएला विचारा. 

‘एंजल टॅक्स’ची भीती मात्र आता नको. जादा किमतीला शेअर दिले की कंपनीवर बसणारा तो कर २०१२मध्ये आला आणि जुलै २०२४च्या बजेटने रद्द केला.

पायरी ७: पेटंट

वांद्र्याहून हार्बरने वडाळा गाठा, तिथून अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात पेटंट कार्यालय आहे. जायची गरज फारशी पडत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. मान्य स्टार्टअप आणि लघुउद्योगांना शुल्कात ८० टक्के सूट आहे: ऑनलाइन अर्जाला ८,००० ऐवजी १,६०० रुपये.

करातली पेटंट सवलत म्हणजे कलम ११५बीबीएफ: भारतात विकसित आणि नोंदलेल्या पेटंटच्या रॉयल्टीवर १० टक्के कर. ऐकायला फार छान वाटतं. दोन गोष्टी बघा. एक, ही सवलत पेटंट दुसऱ्याला वापरायला देऊन मिळालेल्या रॉयल्टीवर आहे. तीच वस्तू स्वतः बनवून विकली तर त्या विक्रीवर ती मिळत नाही. दोन, हा कर एकूण रॉयल्टीवर लागतो, खर्च वजा होत नाही. २० लाख रॉयल्टी आणि ती मिळवायला १५ लाख खर्च असेल, तर १० टक्क्यांनी २ लाख होतात. नेहमीच्या पद्धतीत ५ लाखांवर २५ टक्के म्हणजे सव्वा लाख. इथे सवलतच महाग पडली. खर्च कमी आणि रॉयल्टी मोठी असेल तेव्हाच ती घ्या.

पायरी ८: आयात, सीप्झ आणि राज्य

सहारच्या एअर कार्गोतून तुमचे चिप सुटतात तेव्हा सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) भरावा लागतो. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, सीमाशुल्क मात्र खर्चातच जातं. निर्यात करणार असाल तर ईपीसीजी योजनेत यंत्रं शुल्काशिवाय आणता येतात, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. निर्यातीची ऑर्डर हातात नसताना हे ओझं घेऊ नका. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ६५खाली गोदामातच उत्पादन करण्याची सोय आहे. तिथे निर्यातीची सक्ती नाही आणि शुल्क भरणं पुढे ढकललं जातं. जेएनपीए बंदराच्या आसपास जागा असेल तर चौकशी करा.

सीप्झ या निर्यात क्षेत्राबद्दल लोक हमखास विचारतात. १९७३मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी ते उभं राहिलं, नावात सांताक्रूझ आणि पत्ता अंधेरीचा. आयकरातली तिथली प्रसिद्ध सवलत, कलम १०एए, २०२०नंतर सुरू झालेल्या युनिटांना मिळत नाही. सीमाशुल्क आणि जीएसटीचे फायदे आहेत, पण तिथून देशात माल विकला की आयातीसारखंच शुल्क लागतं. तुमचं गिऱ्हाईक पुणे-नाशिकचं असेल तर सीप्झ तुमच्यासाठी नाही.

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. तिचा कल मागास भागांकडे असतो आणि मुंबई विकसित ‘अ’ गटात येते. उत्पादन वाढल्यावर दुसरा कारखाना कुठे टाकायचा हे ठरवताना ती वाचा, आत्ता नको.

पायरी ९: माणसं आणि तारखा

नव्या कामगारांच्या पगारावर तीन वर्षं ३० टक्के जादा वजावट मिळते, कलम ८०जेजेएए. पगार महिना २५,००० रुपयांपर्यंत, पीएफ चालू आणि वर्षात २४० दिवस काम, शिवाय खात्यांचं ऑडिट. जुळणीच्या टेबलावरच्या मुलींची हजेरी नीट ठेवली तर ही सवलत सहज पदरात पडते, आणि ११५बीएए घेतलेल्यांनाही मिळते.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. उत्पादकाला हे शस्त्र आहे. मार्च महिन्यात फोन करून आठवण दिली की अडकलेली बिलं सुटतात.

तारखांचं गणित कडक आहे. कंपनीचं विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि करमाफीसाठीचा सीएचा लेखापरीक्षण अहवाल त्याच्या महिनाभर आधी, ३० सप्टेंबरपर्यंत. विवरणपत्र एक दिवस उशिरा गेलं तरी त्या वर्षाची करमाफी जाते. मुदत वाढलीच तर ती आयकर खात्याच्या संकेतस्थळावर वाचा, व्हॉट्सअॅपवर नको. गणपतीत अर्धं ऑफिस गावी गेलेलं असतं, तेव्हा सीएला लागणारे कागद ऑगस्टमध्येच द्या: यंत्रांची बिलं आणि नवी-जुनी यादी, प्रकल्पवार संशोधन खातं, इंजिनिअरांचे वेळेचे तक्ते, मंडळाचं प्रमाणपत्र, भागधारकांची वर्षाअखेरची यादी आणि पीएफची चलनं.